खडूची रेघ

“तुमचा फोटो निघायच्या आदी माज्या मानंला कळतंय,” असं बायनाबाई सहज बोलून गेली आणि पौर्णिमाच्या तोंडातला चहाचा घोट तोंडातच राहिला. बोलणं तसं काहीच नव्हतं. दुपारी अडीचचा सुमार, माजलगावातल्या त्या हाडांच्या दवाखान्यातली सकाळची गर्दी ओसरलेली. एक्स-रेच्या खोलीबाहेर उंच स्टुलावर बसून दिवसभर पेशंटांचे नंबर पुकारणारी बायनाबाई भिंतीला डोकं टेकून चहा पीत होती, आणि आतून मशीन कसं बोलतं याची नक्कल करून दाखवत होती: आधी गुर्रर्र, मग गप्प, मग पेशंट शर्टाची बटणं लावत बाहेर. ऐकू येत नाही, कळतं, असं तिनं स्वतःच दुरुस्त केलं. मानेला मुंग्या आल्यावाणी. पुढं तिच्या सुनेचा विषय निघाला आणि ती तिकडं वळली. पौर्णिमा मात्र तिथंच राहिली. किरण कुणाला कळत नसतात. अकरा वर्षं ती एक्स-रे काढत होती आणि एवढं तिला पाढ्यासारखं पाठ होतं, की त्यांना रंग नाही, वास नाही, चटका नाही. अंगातून आरपार जातात आणि अंगाला पत्ता लागत नाही. बायनाबाईच्या मानेला कळत होती ती थरथर, किरण सुटण्याआधी नळीतली चकती गरगर फिरते तिची. पण नऊ इंची विटांची भिंत असल्या थरथरीला दाद देत नाही. थरथर बाहेर येत असेल तर बायनाबाई ज्याला डोकं टेकून बसते ती भिंत नव्हे.

नव्हतीच ती भिंत, खिडकी होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या खोलीत दवाखान्याचं औषधांचं दुकान होतं आणि कमरेपासून डोक्याच्या वर गेलेल्या मोठ्या खिडकीतून गोळ्या-बाटल्या बाहेर यायच्या. दुकान रस्त्याच्या बाजूला गेलं, मशीन इथं आलं, सुताराकडून खिडकी दोन्ही बाजूंनी प्लायवूडनं बंद करून घेतली, वरून भिंतीच्याच रंगाचा हात मारला आणि सगळे विसरून गेले. ऑपरेशनच्या आधी छातीचा फोटो काढायला पेशंट जिथं उभा राहतो, त्याच्या छातीतून निघालेले किरण ज्या भिंतीवर जाऊन आदळतात ती नेमकी हीच, हे पौर्णिमाला ठाऊक होतं. प्लायवूड त्यांना अडवत नाही, हेही ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या दोन गोष्टी दोन वर्षं एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची एकदाही गाठ पडली नाही, याचं तिला आता नवल वाटत होतं. आणि नवलाच्या खाली भीती होती. डॉक्टर विजयसिंहांकडं ती त्याच संध्याकाळी गेली. माणूस वाईट नव्हता. वडलांची साठ एकर बागायत भावांवर सोडून हाडं जोडत बसलेला, उसाच्या हंगामात कोयत्यानं बोटं तुटून आलेल्यांना तारीख-वार न बघता दारात घेणारा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच सांगितलं, की प्लायच्या आत दोन मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आहे, तो दोन माणसांनी घाम गाळत वर आणला तेव्हा मी स्वतः जिन्यात उभा होतो, आणि शिसं नऊ इंची विटांना भारी असतं हे तुम्हीच मला सांगितलंय, पौर्णिमाताई. शिवाय तुमचा बॅज. तीन-तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो, दर वेळी शून्य. मग बोलायचं कशावर?

बॅजचं नाव निघालं आणि पौर्णिमाला आपलं कपाट आठवलं. तो बॅज, अंगावर पडलेले किरण मोजणारी ती छातीला लावायची चपटी डबी, तिच्या छातीला कधी लागलेलाच नव्हता. ती इथं रुजू झाली तेव्हा आधीच्या टेक्निशियननं किल्ल्यांबरोबर तोही सोपवला आणि बजावलं, की वरून आलेली चीज आहे, हरवली तर लई भानगड, जपून ठेव. तिनं जपला. आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढता लोखंडी कपाटात, बुद्धाच्या छोट्या तसबिरीशेजारी ठेवून दिला. घरच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक सात वर्षं न काढणारी आपण माणसं. नवं ते वापरलं की जुनं होतं, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. तीन महिने झाले की ती जुना पिशवीसकट पाठवायची, नवा पिशवीसकट ठेवायची, आणि कपाटातल्या अंधाराला किती किरण लागले याचा रिपोर्ट इमानेइतबारे शून्य यायचा. डॉक्टरांसमोर हे सांगायला तोंड उघडलंही होतं तिनं. पण ‘मग इतकी वर्षं तुम्ही काय केलं’ हा प्रश्न त्यांच्या आधी तिनंच स्वतःला विचारला आणि बरं सर म्हणून ती बाहेर पडली.

पुढचे आठ-दहा दिवस वाईट गेले. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ असं ती पेशंटला सांगायची आणि स्वतःचाही श्वास धरायची. बटण दाबलं की पलीकडं बायनाबाईचं डोकं दिसायचं, भिंत मध्ये असून. छातीच्या फोटोच्या आधी ती काही ना काही निमित्तानं तिला लांब पाठवायला लागली. पाणी आणा मावशी, चिठ्ठी देऊन या मावशी. बायनाबाईनं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, की माजं काई चुकलं का, कावून मला सारखं उठवताय? स्टूल हलवलं तर तिथून डॉक्टरांचं दार दिसत नव्हतं, म्हणून दुपारपर्यंत ते पुन्हा जागेवर यायचं. पौर्णिमानं त्या जागी एक मोडकी व्हीलचेअर आणून अडसर केला. बायनाबाईनं ती भंगारवाल्याच्या स्वाधीन करून जागा झाडून घेतली. खरं कारण सांगावं तर पौर्णिमाजवळ कारण नव्हतं, शंका होती. आणि नुसत्या शंकेनं पन्नाशीच्या बाईच्या डोक्यात दोन वर्षांचा घोर घालायचा हे तिला पाप वाटत होतं. पूर्वीसारखी फिल्म असती तर बाहेर टांगून एका फोटोत निकाल लागला असता. आता फोटो धरणारी पाटी स्टँडातच पक्की बसवलेली, वायरीनं कॉम्प्युटरला बांधलेली. सरकारी तपासणीला अर्ज करायचा तर त्यावर सही डॉक्टरांची. शहाण्यासारखं गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं. तुला कुणी विचारलंय, असं आतून कुणीतरी म्हणायचं. त्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. चकलांब्याच्या शाळेत सातवीत असताना तिनं विज्ञान प्रदर्शनात पाणी भरलं की वाजणारी घंटा मांडली होती. एका पाहुण्या गुरुजींनी घंटा उचलली, उलटी केली, डाग दिलेल्या तारा पाहिल्या आणि विचारलं, वडलांनी करून दिली का? ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. मान खाली घातली, आणि गुरुजींनी त्या मानेचा अर्थ हो असा लावून घंटा ठेवून दिली.

वडील करून देऊ शकले असते, हे खरं. भारत त्यांचं नाव; रेडिओ, टेप, टीव्ही आणि आता मोबाईलचे चार्जर दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. पंचक्रोशीतल्या चौदा एप्रिलच्या प्रत्येक मिरवणुकीला त्यांचाच अॅम्प्लिफायर असायचा. पौर्णिमाच्या लहानपणी सकाळपासून ते वायरी पसरून बसायचे आणि गाणं लावायच्या आधी नुसताच अॅम्प्लिफायर चालू करून कान देऊन ऐकायचे. पोरं कंटाळायची. ते म्हणायचे, “आदी घरघर वळखू दे. मग गाणं.” घरघर ओळखून तिचं कारण शोधून ती बंद केल्याशिवाय त्यांनी कधी गाणं लावलं नाही. रविवारी ती चकलांब्याला गेली आणि त्यांच्यासमोर चार बारके डायोड टेबलावर ठेवले. पुण्याहून पोस्टानं मागवलेले, नखाएवढे चौकोनी, पारदर्शक टोपडं घातलेले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि हे तर रिमोटच्या टोकाचा उजेड वळखनारं हाय, म्हणाले. तेच आहे, पण उजेड अजिबात लागू दिला नाही तर हे किरणही ओळखतं, असं तिनं सांगितलं. डायोडला उलट्या बाजूनं वीज लावून ठेवायची; वीज अडून बसते, पुढं सरकत नाही. एक किरण येऊन आत आदळला की तेवढ्यापुरती एक इवलीशी लाट सुटते. ती लाट लाखपट मोठी केली की टक्. म्हातारा हसला. लाखपट मोठी केली की घरघरबी लाखपट हुनार की, म्हणाला.

झालंही तसंच. ते यंत्र म्हणजे पहिले दोन रविवार एक चहाटळ पोर होतं. सगळ्यालाच टक् म्हणायचं. पंखा लावला टक्, शेजारची म्हैस हंबरली टक्, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की टकटकाट. मोबाईल जवळ नेला तर वेड लागल्यासारखं. बायनाबाईची मिश्रीची रिकामी झालेली पत्र्याची डबी तिनं मागून आणली होती. डायोड तिच्यात बसवले, पत्र्याला चौकोनी भोक पाडून त्यावर काळा कागद आणि चंदेरी वर्खाचा पदर दिला, डबी अॅम्प्लिफायरच्या जमिनीच्या तारेला जोडली. उजेडाची आणि मोबाईलची घरघर गेली. राहिली हादऱ्याची. टेबलावर बोट टेकवलं तरी यंत्र बोलायचं, आणि पौर्णिमाला जिथं हे लावायचं होतं ती भिंत तर मुळातच थरथरणारी होती. तिथं ते टक् म्हणालं तर ते किरणाला म्हणालं की प्लायच्या थरथरीला, हे कुणी सांगायचं? डॉक्टरांनी हाच प्रश्न पहिला विचारला असता. ती वैतागून उठली, अंगणात फेऱ्या घालून आली, पुन्हा बसली. वडलांनी मध्ये एकदा हात पुढं केला होता. तो तिनं बाजूला सारला, तिला स्वतःलाच आश्चर्य वाटावं इतक्या सहज. तिसऱ्या रविवारी तिनं जुन्या स्लिपरच्या रबराचे तुकडे कापून डबी त्यांच्यावर तरंगती ठेवली, आत डायोडच्या भोवती मेण ओतलं, सगळं कापसात बसवून बाहेर तसंच भोक पाडलेला आणखी एक डबा घातला. टेबलावर मूठ आपटली. यंत्र गप्प. पुन्हा आपटली. वडलांनी बाहेरून विचारलं, काय फोडायलीस गं? ती घड्याळाकडं बघत बसली. सहा मिनिटं काही नाही. मग एक टक्, कुठूनसा आलेला, ज्याचं त्याचं त्यालाच माहीत. मग पुन्हा शांतता.

वडलांच्या माळ्यावर जुन्या गॅसबत्त्यांचं सामान होतं. वीज नव्हती तेव्हा वरातीला भाड्यानं द्यायच्या त्या. त्यातल्या जुन्या मेंटलांच्या जाळीत किरण सोडणारा पदार्थ असायचा, असं तिनं वाचलं होतं. मेणकागदात गुंडाळलेली, कधीच न पेटवलेली एक जाळी सापडली. तिनं ती डब्याच्या वर्ख लावलेल्या भोकासमोर हळूच धरली. टक्. तिनं श्वास धरला. टक्, टक्. मिनिटाला सात, मग नऊ, मग आठ. जाळी बाजूला नेली, यंत्र गप्प झालं. पुन्हा आणली, पुन्हा बोललं. अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर रोज काम केलं, ज्यांच्यावर पोट भरलं, त्यांचा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. आनंद इतका झाला की तो ठेवायला जागा मिळेना. ती उगीचच उठून चूल बघून आली, माठातलं पाणी प्याली, परत बसली आणि जाळी पुन्हा धरली. म्हातारा दारात उभा राहून ऐकत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, “घरघर न्हाई ही.” एवढंच म्हणाला आणि चपला घालून पारावर सांगायला गेला.

सोमवारी ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. आधी बॅजचं सांगितलं, सगळं, पिशवीसकट. डॉक्टरांचा चेहरा उतरला आणि मग तापला. इतकी वर्षं कपाटात, असं ते दोनदा म्हणाले. पौर्णिमानं मान खाली घातली नाही. चूक माझी आहे सर, आजपासून तो छातीला आहे, आणि म्हणूनच ते शून्य आपण धरायचं नाही, असं ती म्हणाली, आणि डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उचलला, उलटा केला, आत डोकावले, मेण, कापूस, रबर, दोन तारा.

“हे कुणी करून दिलं?”

“मी केलं.”

तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाहेर बायनाबाईनं पुकारायचं मध्येच थांबवलं, इतका. डॉक्टरांनी डबा जपून टेबलावर परत ठेवला. मग त्यांनी सौदा केला: रविवारी सकाळी दवाखाना रिकामा असतो, एक तास तुमचा. डबा बोलला तर भिंत उघडू. नाही बोलला तर पुन्हा त्या भिंतीचं नाव काढायचं नाही. पौर्णिमा हो म्हणाली आणि बाहेर येऊन बायनाबाईला बाकावर बसवून सगळं सांगितलं. बायनाबाईनं ऐकून घेतलं, पदरानं उगीच मान पुसली आणि रविवारी मीबी येनार, म्हणाली.

रविवारी तिघंच. फोटोच्या जागी पेशंट नाही, बाहेर बोळात माणूस नाही. स्टुलावर फक्त डबा, त्याचं भोक प्लायला टेकवलेलं, आणि त्याचा आवाज टिपून घ्यायला एक मोबाईल, विमानात ठेवतात तसा सिग्नल बंद करून. डॉक्टर आणि बायनाबाई जिन्याच्या वळणावर, पक्क्या भिंतीआड. पौर्णिमानं आतून बटण अर्धं दाबलं. अर्ध्या बटणाला नुसती चकती फिरते, किरण सुटत नाहीत. भिंत गुरगुरली, डबा गप्प राहिला. इथवर तिनं योजल्याप्रमाणं झालं. थरथरीला तो फसत नाही, हे सिद्ध झालं. मग तिनं पूर्ण दाबलं. बाहेर येऊन मोबाईल ऐकला. गुरगुर होती, बटणाची खट होती, आणि त्यापुढं काहीच नव्हतं. पुन्हा केलं. काहीच नाही. मशीनचा जोर वाढवून तिसऱ्यांदा केलं, आणि डबा मुक्यासारखा बसून राहिला. डॉक्टर जिन्यातून पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता, सुटल्याचा होता, आणि तेच तिला जास्त लागलं. बघा, पत्रा आहे, म्हणाले ते, मऊपणानं. चांगलंच आहे की हे, असं ती स्वतःला सांगत होती; बायनाबाईला काही झालेलं नाही, याहून चांगलं काय? पण ते सांगणं आत उतरत नव्हतं. तीन आठवडे, म्हातारा बाप, स्लिपरचं रबर, ‘मी केलं’ म्हणतानाचा तो आवाज, सगळं एका ठिकाणी येऊन तिच्याकडं बघत होतं. ती डबा उचलायला वाकली.

“तितं कावून ठिवलाय पर?” बायनाबाई जिन्यातूनच म्हणाली. “मी काय कमरंनं बसती का? स्टुलावर बसल्याव कंबर तितं येती. डोस्कं वर ऱ्हातंय. मला तितं कदी कळलंच न्हाई, मानंलाच कळतंय.”

पौर्णिमा वाकलेली तशीच राहिली. मग सावकाश सरळ झाली आणि प्लायवर हाताची बोटं वाजवत खालून वर गेली. खाली बद्द. बद्द. वर मोकळा, डफासारखा. आतला पत्रा जिथं चिकटून आहे तिथं प्लाय दबलेला, जिथं नाही तिथं मोकळा. म्हणून तर थरथर मानेला कळायची आणि पाठीला नाही. तिनं कुणाला काही विचारलं नाही. स्टुलावर दोन पुठ्ठ्याची खोकी चढवली, त्यांच्यावर डबा ठेवला, बायनाबाईच्या मानेच्या उंचीला, आणि आत गेली. अर्धं बटण. गुरगुर. पूर्ण बटण. या वेळी मोबाईल ऐकायची गरज पडली नाही. टर्रर्र, जुनं लुगडं फाडावं तसा आवाज, बंद दारातून आत आला. तिनं आतल्या बाजूनं भिंतीवर शिशाचा एप्रन टांगला, पुन्हा दाबलं. गुरगुर होती, टर्र नव्हतं. एप्रन काढला. टर्रर्र. जिन्यात डॉक्टर काहीतरी म्हणाले, ते तिला ऐकू आलं नाही. तिच्या छातीत मिरवणूक चालली होती. दुःख व्हायला हवं होतं, की दोन वर्षं ही बाई या झोतात बसली. झालंही ते, पुढं बरेच दिवस झालं. पण त्या घटकेला खरं सांगायचं तर तिला फक्त मोठं मोठं वाटत होतं. जे कुणाला दिसत नाही, वास येत नाही, कळत नाही, ते तिनं धरलं होतं, मिश्रीच्या डबीत, आणि ते तिच्या हुकमानं बोलत होतं. मग तिनं घाई केली नाही. डबा बोटभर खाली, एक फोटो. बोटभर बाजूला, एक फोटो. बोलला की खडूची फुली, गप्प राहिला की गोल. तासाचे दोन तास झाले, डॉक्टरांनी घड्याळ काढलं नाही. उलट खोकी धरायला तेच पुढं आले आणि दर वेळी तिच्या खुणेनं आड होऊ लागले. शेवटी तिनं फुल्या आणि गोल यांच्या मधून खडू ओढला. रेघ सरळ नव्हती. डावीकडं खाली उतरलेली, मध्ये पोट आल्यासारखी, उजवीकडं वर गेलेली. बायनाबाई येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. रेघ तिच्या मानेच्या खालून गेली होती.

“किती गेलं आसंल माज्या डोस्क्यातनं?” तिनं विचारलं.

“किती ते याला सांगता येत नाही, मावशी. खोटं सांगणार नाही. एका फोटोला थोडंच असतंय, भ्यायसारखं नसंल. पण मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, मी येणार संगं. आता हितं कुणी बसायचं नाही.”

बायनाबाईनं स्टूल उचलून त्या भिंतीपासून लांब नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी मशीनचा मेन स्विच स्वतः जाऊन पाडला. सुतार उद्या सकाळी, म्हणाले, आणि मग जरा थांबून, मुंबईला तपासणीचा अर्ज तुम्ही लिहा, मी सही करतो.

सुतार सटवा सोमवारी आठलाच आला, तोच, ज्यानं खिडकी बंद केली होती. त्याला खडूची रेघ दाखवून तिच्या वर आत शिसं नाही असं सांगितल्यावर तो भांडायलाच उठला. शिसं लावलंय सायेब, लेकराची आन, दोघांनी उचलूनश्यान आनलतं. पौर्णिमा म्हणाली, लावलंय हे मला माहीत आहे, तुम्ही फक्त बाहेरचा प्लाय काढा, आणि रेघ पुसू देऊ नका. त्यानं कडेनं पटाशी घातली. प्लाय सुटला, सटवानं आणि डॉक्टरांनी तो दोन्हीकडून धरून पुढं ओढला, आणि आतलं दिसलं. शिसं होतं. सटवा खोटं बोलला नव्हता, डॉक्टरही नाही. सटवानं सनमायका चिकटवतात त्या पांढऱ्या गोंदानं पत्रा प्लायला चिकटवला होता, आयुष्यभर दारं आणि कपाटं तशीच केली म्हणून. आणि शिसं काही सनमायका नव्हे. ते आपल्या वजनानं हळूहळू, कुणाला न सांगता, दोन वर्षं खाली घसरत आलं होतं आणि खालच्या चौकटीवर दुमडून बसलं होतं. वरचा अर्धा भाग उघडा, त्यात वाळलेल्या गोंदाचे नुसते फराटे. डॉक्टरांनी प्लाय फिरवून पुन्हा जागेवर धरला आणि कडेनं वाकून पाहिलं. पत्र्याची वरची कड डावीकडं खाली उतरलेली होती, मध्ये पोट आलेलं, उजवीकडं वर गेलेली. रेघेत आणि तिच्यात एका कोपऱ्यात बोटभर फरक होता. सटवानं ती कड बघितली, रेघ बघितली, पुन्हा कड बघितली आणि पौर्णिमाला विचारलं, की बाई, तुमाला प्लायच्या पल्याडचं दिसतंय का?

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढून गवंड्याला लावला आणि नऊ इंची भिंत, आजच, असं म्हणाले. मग फोनवर हात ठेवून पौर्णिमाकडं वळले आणि विटांच्या आतून प्लास्टर किती जाडीचं सांगायचं, असं तिला विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी तसंच्या तसं पुढं सांगितलं. खाली नऊची गर्दी जमायला लागली होती. आष्टीकडून आलेली ऊसतोडीची एक टोळी, बगलेत कागदांच्या पिशव्या, एकाचा हात गळ्यात बांधलेला, जिना चढून वर येत होती. बायनाबाई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि नंबर पुकारायच्या तिच्या त्या दणदणीत आवाजात सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं तिनं सांगून टाकलं, की आज फोटो बंद हाय, उद्या-परवा या, मशीन चांगलं हाय, भिंत खोटी निघाली.

“कोन्या डाक्टरनं धरली?” हात बांधलेल्यानं विचारलं.

“डाक्टरनं कशाची बाबा,” बायनाबाई म्हणाली आणि बाजूला सरकली, म्हणजे मागं उभी असलेली पौर्णिमा सगळ्यांना नीट दिसावी. “ही बघ. हिनं.”